नवरंग कुणी दाखवला

आमचं घर आणि चंद्रीचं घर यांच्यामधली भिंत एकच होती आणि ती कुडाची होती. कारवीच्या काठ्या आणि त्यावर शेणमातीचा लिंपा. त्या भिंतीतून आवाज यायचे, वास यायचे, आणि माझं तर म्हणणं आहे की विचारसुद्धा यायचे. पलीकडे चुलतीच्या घरात तव्यावर भाकरी फुगली की इकडे माझ्या आईला कळायचं, आणि ती वळून माझ्या परातीकडे बघायची. माझी भाकरी जन्मात कधी गोल झाली नाही. तिला मावळ तालुक्याच्या नकाशाचा आकार यायचा, एकीकडे लोणावळ्याचं टोक आणि दुसरीकडे आंदर मावळाचा फुगवटा. चंद्रीची भाकरी अशी गोल, की एकदा ती चुलीपुढून घरंगळली ती थेट नदीपर्यंत गेली आणि वाटेत कुठं आडवी झाली नाही. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

चंद्री, म्हणजे चंद्रभागा, माझी चुलत बहीण. माझ्याहून अकरा दिवसांनी मोठी. त्या अकरा दिवसांचा तिनं फायदा घेतला असं मी आयुष्यभर म्हणत आले. ती म्हणायची, घेतला नाही. खरं सांगायचं तर तिनं घेतला नाही, तो आपोआप तिच्या पदरात पडत गेला, आणि ते जास्त झोंबतं. माणूस हिसकावून घेत असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. नुसता उभा राहिला आणि सगळं त्याच्याकडं चालत आलं, तर काय करायचं? विहिरीवर दोघी गेलो तर तिची कळशी काठोकाठ आणि माझी हिंदकळलेली. आई म्हणायची, "तिच्याकडं बघ जरा." मी बघायचे की. बघण्याशिवाय दुसरं केलं काय मी.

ती बोलायची कमी. मी बोलायला लागले की मधे पाणी प्यायलाही थांबत नसे. आमच्या वाडीत दिवसातून दोनदा एसटी यायची, तीही तिची मर्जी असेल तर, त्यामुळे जगातल्या बातम्या वाडीला पुरवण्याचं काम माझ्याकडं होतं. धरणात मगर आली होती ती मी आणली. शिरोत्याच्या डोंगरावर विमान उतरलं होतं तेही मीच उतरवलं. लोक ऐकायचे, हसायचे आणि शेवटी चंद्रीला विचारायचे, "व्हय गं?" चंद्री मान हलवायची, आडवी. एवढ्यावर माझं विमान कोसळायचं.

एक गोष्ट मात्र तिच्याकडं नव्हती आणि माझ्याकडं होती. मला शीळ यायची. साधी नाही. गुरांमागं रानात फिरताना मी पाखरांची एकेक शीळ अशी उचलली होती की पाखरं आपापसांत गोंधळून जायची. लोणावळ्याला एकदा बाजाराला गेले असताना गार्डाची शिट्टी वाजवली, तर उभी मालगाडी हलली, असं मी सांगते. चाकं एक वीतभर तरी नक्की हलली. पण ही कला दाखवायची चोरी होती. पोरीच्या जातीनं शीळ घातली की घरात साप येतो, असं आमच्याकडं मानत, आणि आईनं हे सापापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. लहानपणी एकदा ओट्यावर शीळ घातली तेव्हा तिनं चुलीतला जळता कोलता घेऊन मला गोठ्यापर्यंत पळवली होती. म्हणून मी फक्त रानात शीळ घालायचे, आणि ऐकणारी एकच, चंद्री. ती डोळे मिटून ऐकायची आणि चुकलं तर सांगायची. "दुसरा सूर लय लांबला." झालं. तिला शीळ येत नव्हती, पण चूक कळत होती. ह्याला काय म्हणावं?

त्या उन्हाळ्यात वलवणचे गायकवाड गुरुजी वाडीत आले. शाळेतून निवृत्त झालेले, पांढरी टोपी, खांद्याला शबनम आणि गळ्यात दुर्बीण. धरणाच्या काठानं पाखरं बघत फिरायचा त्यांना नाद होता आणि तो नाद पुण्यामुंबईच्या वीसेक माणसांना त्यांनी लावला होता. त्यांच्या मनात आलं होतं की पाऊस लागायच्या आधी, शनिवार-रविवार धरून, आमच्या वाडीत पक्षीमेळा भरवायचा. पाहुणे शाळेत झोपतील, वाडीत जेवतील, रानात फिरतील. वाट दाखवायला वाडीतलंच कुणीतरी हवं. जो कुणी असेल त्याच्याकडं पुढच्या मेळ्यापर्यंत, म्हणजे वर्षभर, त्यांची जुनी दुर्बीण राहील.

ती दुर्बीण त्यांनी शबनममधून काढून आमच्या पडवीत ठेवली. एका भिंगात बुरशी धरलेली, पट्टा झिजलेला. मी तिच्यातून बघितलं आणि समोरच्या डोंगरावर गुरं राखणाऱ्या नामाच्या कानातली बाळी दिसली. बाळीवरची माशी दिसली. माशीनं माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी मी ठरवलं की ही माझ्या गळ्यात पडली पाहिजे. लग्नात डोरलं पडलं तेव्हासुद्धा मला इतकी घाई नव्हती.

आईनं कोरा चहा केला, पळसाच्या पानात करवंदं दिली. गुरुजींनी वही उघडली आणि आम्हा दोघींना विचारलं, कुठली कुठली पाखरं माहीत आहेत. मी सुरुवात केली. खरी होती ती पहिल्या दमात संपली, पण गुरुजी लिहितच होते, मग मलाही थांबवेना. बोकड उचलून नेणारं पाखरू सांगितलं. त्यानं हाडं परत आणून दिली तेही सांगितलं. उलटं उडणारं सांगितलं, कारण त्याला कुठून आलो ते बघायची सवय. तिसऱ्या पानावर गुरुजींनी पेनाला टोपण लावलं आणि चंद्रीकडं वळले.

चंद्री म्हणाली, "सात. बाकीची दिसत्यात, पन वळखीची न्हाईत."

गुरुजींनी टोपण पुन्हा काढलं. त्या टोपणाचा टक्क असा आवाज मला आज इतक्या वर्षांनी, सुदुंबऱ्याच्या माझ्या घरात, कुकरच्या शिट्टीतूनसुद्धा ऐकू येतो. सातातलं सातवं तिनं सांगितलं ते आमचं राबातलं पाखरू. भातासाठी राब भाजून झाला, करवंदं काळी पडली, की ते वड्याकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, झाडोऱ्यात कुठंतरी येतं आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांत शीळ घालतं, पहिला सूर चढता, दुसरा उतरता. आवाज साऱ्या वाडीच्या ओळखीचा, पाखरू कुणी धड बघितलेलं नाही. गुरुजी सरसावून बसले. म्हणाले, हा नवरंग. हिरवी पाठ, निळा खांदा, पोटाखाली लालभडक. वीस वर्षं ऐकतो आहे आणि आजवर फक्त शेपूट पाहिलंय, तेही एवढंसं.

"दावीन," चंद्री म्हणाली.

मी कुडाच्या भिंतीला टेकून बसले होते. माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो भिंतीला लागून पलीकडं चुलतीच्या घरात धूर गेला असावा.

मेळा भरला. शनिवारी सकाळच्या एसटीनं बावीस पाहुणे उतरले, सगळे मातकट कपड्यांत, जणू डोंगरच पिशव्या घेऊन उतरला. वाडीतल्या म्हाताऱ्या पारावर येऊन बसल्या आणि पाखरं बघणाऱ्यांना बघत राहिल्या, म्हणजे मेळे खरे दोन भरले. देवळापुढं गुरुजींनी शाळेचा फळा टेकवला होता. त्यांची रीत अशी, की संध्याकाळी सगळ्यांनी जमायचं, दिसलेल्या पाखरांची नावं फळ्यावर लिहायची आणि प्रत्येक नावापुढं ते दाखवणाऱ्याचं नाव. नुसतं ऐकलेलं पाखरू फळ्यावर चढायचं नाही. मला ही रीत तेव्हा फार अन्यायाची वाटली. माझी तर निम्मी पाखरं ऐकीव आणि उरलेली त्याहून पातळ.

चंद्री सगळ्यांच्या पुढं चालत होती, गळ्यात दुर्बीण. मी कुठं होते? चुलीपुढं. बावीस जणांचं पिठलं घोटत, नाकातोंडात मिरचीचा खाट जात. आई तांदळाच्या भाकरी थापत होती आणि मला फक्त पिठलं दिलं होतं, कारण पाहुण्यांपुढं तालुक्याचे नकाशे नकोत. त्यात पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई पाणी मागायला आल्या आणि म्हणाल्या, तुमची ती चंद्रा किती शांतपणे चालते हो, पान वाजत नाही. मी म्हटलं, "व्हय, लहानपनी पांगळी व्हती ती." बाई हळहळल्या. तेवढंच समाधान.

त्या दिवशी संध्याकाळी चंद्रीनं त्यांना वड्याकाठी दोन तास बसवलं. नवरंग आला नाही, ओरडलाही नाही. मंडळी डास मारत परतली. फळ्यावर चौतीस पाखरं चढली, पण गुरुजी फळ्याकडं न बघता वड्याच्या दिशेनं बघत होते, आणि चंद्री खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत होती. मला इतका आनंद झाला की मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, त्याही परतल्यावर तिनंच थापलेल्या.

आता राहिली होती रविवारची सकाळ. दुपारच्या एसटीनं निम्मे पाहुणे जायचे होते, म्हणून शेवटचा फळा जेवणाआधीच भरायचा ठरला. चंद्रीला ही एकच संधी. आणि मला अशी अक्कल सुचली की ती माझ्याच डोक्यात यावी. वड्याच्या पलीकडं खाजकुयलीचं रान होतं. वेलीला वाळलेल्या शेंगा, त्यावर सोनेरी लव. ती लव अंगाला लागली की माणूस दिवसभर नाचतो. मी ठरवलं, पहाटेच जायचं, खाजकुयलीच्या पल्याड दडायचं आणि नवरंगाची शीळ घालायची. चंद्री बावीस माणसांना घेऊन शिळेच्या मागं येणार, सगळे त्या वेलींतून जाणार, आणि मग आरडत, अंग खाजवत, कपडे झटकत वाडीत परतणार. दुर्बीण कुणाच्या गळ्यात राहते ते बघू.

सरपणाला जाते असं सांगून मी निघाले. नीट उजाडलं नव्हतं. वडा कोरडा होता, दगड नुसते. पलीकडं चढून एका जाळीत बसले आणि बसल्यावर कळलं की मी खाजकुयलीच्या पल्याड नाही, बरोबर मधे बसले आहे. ते मानेपासून सुरू झालं. मग पाठ, मग दंड, मग जिथं चारचौघांत सांगता येत नाही तिथं. उठावं तर समोरून मंडळी येऊन वड्याच्या अलीकडच्या काठावर पोचली होती. मला दुसरी वाट नव्हती. दात आवळले आणि शीळ घातली. पहिला सूर चढता, दुसरा उतरता.

पलीकडं चंद्रीनं हात वर केला. मी वाट बघत होते की ती आता वड्यात उतरेल. ती उतरली नाही. तिनं हात खाली केला आणि सगळ्यांना जागच्या जागी बसवलं. तेव्हाच मला कळलं की तिनं ओळखलं. दुसरा सूर लांबला असणार, खाजेनं. तरी मी पुन्हा घातली, तिसऱ्यांदा घातली, हट्टानं. चौथ्यांदा घालायच्या आत माझ्या मागच्या उतारावरून उत्तर आलं.

ते उडत आलं नाही, टुणटुणत आलं, पाला उडवत, माझ्या डाव्या पायापासून हातभर अंतरावरून. मला वाटतं त्यानं माझ्याकडं एकदा तुच्छतेनं बघितलं. मग वड्यातल्या मधल्या दगडावर चढलं आणि तिथं उभं राहून शीळ घातली. पलीकडून बावीस दुर्बिणी माझ्यावर रोखलेल्या, मधे ते एक पाखरू, आणि मी जाळीत दगडासारखी, अंगात वणवा पेटलेला. बोलावलं मी, आलं माझ्या शिळेवर, आणि छाती दाखवली त्यांना. मला मिळाली पाठ. हिरवी होती, खांदा निळा होता, आणि पाखराची नुसती पाठ बघून माणसाच्या डोळ्यांत पाणी येऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. खाजेचंही असेल. पलीकडं गुरुजींनी तर दुर्बीण खाली घेतली होती आणि टोपीनं डोळे पुसत होते. म्हणजे वीस वर्षांनी समोर आलं तेव्हा बघायचं सोडून रडत बसले. चंद्री मात्र पाखराकडं बघत नव्हती. ती जाळीकडं बघत होती.

घरी आल्यावर आईला सांगितलं, सुरवंट लागला. आईनं अंगाला शेण फासलं. अशी मी देवळापुढं मागच्या रांगेत येऊन बसले, शेणाच्या वासात, आणि शेजारच्या बायका हळूहळू सरकत गेल्या. गुरुजींनी खडू घेतला. नवरंग, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, आणि पुढं लिहिलं, दाखवणारी चंद्रभागा. टाळ्या वाजल्या. दुर्बीण तिच्या गळ्यात होतीच, ती आता वर्षभर राहणार होती.

चंद्री उठली. तिनं दुर्बीण गळ्यातून काढली आणि फळ्याशेजारच्या टेबलावर ठेवली.

"गुरुजी, म्या न्हाई दावला. मंदीनं बोलावला त्याला, शीळ घालून. ती वड्याच्या पल्याड व्हती."

सगळी वाडी वळली. आईची पळी पातेल्यात तशीच राहिली. गुरुजी दुर्बीण उचलून माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आले, वाकले, आणि हळू आवाजात म्हणाले, "खरं का गं मंदा? तू बोलावलंस?"

दुर्बीण माझ्या नाकापासून वीतभर होती. पट्ट्याचा, घामाचा वास येत होता. नुसतं व्हय म्हणायचं होतं. आईची भीती वाटली असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं, पण कोलत्याचं काय, एवढ्या पाहुण्यांसमोर ती मला मारणार नव्हती. खरं कारण वेगळं होतं. ती दुर्बीण मला चंद्रीकडून हिसकावून हवी होती. तिनं काढून दिलेली नको होती. तिनं तेवढंसुद्धा मला करू दिलं नाही. जन्मभर जे केलं नाही त्याचा मान मी घेत आले, आणि जे खरोखर केलं होतं ते मात्र माझ्या जिभेनं बाहेर काढलं नाही.

"न्हाई गुरुजी," मी म्हटलं. "म्या सरपनाला गेलते. मला कुटली शीळ येती?"

माझ्या मगरीवर कुणी विश्वास ठेवला नव्हता, विमानावर ठेवला नव्हता, बोकडाच्या हाडांवर तर मुळीच नाही. ह्या एकाच वाक्यावर साऱ्या वाडीनं ठेवला. आई म्हणाली, माझ्या पोरीला असली चाल नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा, स्वतः करून बहिणीचं नाव सांगते, काय हे मन. पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. गुरुजींनी दुर्बीण चंद्रीच्या गळ्यात घातली. घरी जाताना ती माझ्या मागून चालत होती, पान न वाजवता. कुडाच्या भिंतीपलीकडून फक्त एकदा आवाज आला.

"का गं?"

मी झोपल्याचं सोंग केलं. दुपारचे तीन वाजले होते.

पुढं मला सुदुंबऱ्याला दिलं, अंगणवाडीची नोकरी लागली, पोरं झाली. चंद्री वाडीतच राहिली आणि मोठी होत गेली. पुण्याची माणसं तिचं नाव विचारत यायची. सात पाखरांची सत्तर झाली, मग दोनशे झाली. तिच्यामागून शाळेतल्या पोरी चालायला लागल्या. मेळा दरवर्षी भरायचा आणि मी एकही चुकवला नाही, कारण जळायचं तर समोर बसून जळावं. दरवर्षी तिची ओळख करून देताना म्हणायचे, नवरंग दाखवणाऱ्या चंद्राताई, आणि त्या शब्दासरशी तिचा चेहरा उतरायचा. ती गर्दीत मला शोधायची. मी आभाळात घार बघायचे. तिला जगानं सगळं दिलं, पण एक पाखरू तिच्या नावावर खोटं होतं, ते तिला खुपायचं, आणि त्या खुपण्याची चावी माझ्या पदराला होती. हे चांगलं नाही, मला कळतं. पण माझ्याकडं तेवढंच होतं.

दोन वर्षांमागं मेळा उठल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. गुडघे दोघींचे गेलेले. म्हणाली, "मंदे, आता तरी सांग की सगळ्यांस्नी."

"तू आदी जा," मी म्हटलं, "मग सांगते."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी मीच दिलं.

गेल्या माघात ती गेली. यंदाच्या मेळ्यात तिचा फोटो लावला होता, गळ्यात तीच दुर्बीण. नवीन पिढीची पोरंपोरी एकेक करून बोलली. मग मी उठले. मी सगळं सांगितलं, जाळी, खाजकुयली, शेण, सगळं, आणि एक अक्षर वाढवलं नाही. देवळापुढं सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, पटलं. मग मागून कुणीतरी हसलं. शीळ घालून दाखवा, एक पोरगी म्हणाली. मी तोंडाचा चंबू केला. पुढचे दोन दात गेल्यापासून नुसता वारा जातो, तो गेला. मेळ्याचं बघणारा मुलगा माइक घेऊन जवळ आला, फार आदरानं वाकला, आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या गोष्टी आम्हाला आवडतात. पण एवढं तरी ताईंच्या नावावर राहू द्या."

मी खाली बसले. एवढ्या माणसांत माझ्या बाजूनं उठून, मंदी खरं बोलतीया, असं म्हणणारी एकच बाई होती, आणि तिलाही नेमकं आधीच जायचं होतं.